केंद्रीय मज्जासंस्था : रचना, कार्य व रक्षण

नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात एखाद्या मनुष्याचा हात-पाय अकस्मात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, वाचा अडखळली, की घरची मंडळी "अंगावरून वारं गेलं" असे म्हणतात. वातव्याधीची कल्पना लोकभाषेत किती खोल रुजली आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय. व्याधी वाऱ्याची, तेव्हा औषध वैद्याचे, असा साधा हिशेब असल्यामुळे अशा रुग्णास घेऊन निघालेली जीप पुष्कळदा प्रथम आपल्याच दवाखान्यासमोर थांबते. हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांच्या सेवेतून मिळालेला आहे. मात्र त्या पहिल्या तासात आपण काय करतो, यावर त्या रुग्णाचे पुढील सारे आयुष्य अवलंबून असते. केंद्रीय मज्जासंस्थेची रचना व कार्य यांची उजळणी करताना हा एक मुद्दा सतत डोळ्यांसमोर ठेवावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

रचना

चरकाचार्यांनी हृदय व बस्ति यांच्यासह शिराची गणना त्रिमर्मांत केली असून चिकित्सास्थान व सिद्धिस्थान अशा दोन्ही ठिकाणी त्रिमर्मांस स्वतंत्र अध्याय दिला आहे. शारीरस्थानात द्रव्यांची अंजलिप्रमाणे देताना मज्जा एक अंजली व मस्तिष्क अर्धा अंजली असा उल्लेख येतो. सुश्रुतांनी शिरातील मृदू द्रव्यास मस्तुलुंग म्हटले आहे. भेलसंहितेत मनाचे स्थान शिर व तालू यांच्यामध्ये सांगितले आहे. प्राणवायू व तर्पक कफ यांचे शिराशी असलेले नाते तर आपण सर्वांनी पदवीच्या वर्गात पाठ केलेले असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य वाटते. तर्पक कफ म्हणजेच मस्तिष्कमेरुद्रव, अमुक चक्र म्हणजेच तमुक ग्रंथी, अशी समीकरणे मांडण्याची प्रथा आपल्या लेखनात फार रूढ झाली आहे. आम्हांस ती मान्य नाही. सुश्रुतांनी शव वाहत्या पाण्यात ठेवून, मृदू झाल्यावर त्याचा एकेक थर सोलून पाहण्यास सांगितले. त्यांचा खरा वारसा पाहून ठरविण्याचा आहे, नावाला नाव जुळविण्याचा नव्हे. म्हणून पुढील वर्णन जसे दिसते तसे दिले आहे.

केंद्रीय मज्जासंस्थेचे दोन भाग : मेंदू आणि मेरुरज्जू. प्रौढ मनुष्याचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. मोठा मेंदू, लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ हे त्याचे ठळक विभाग. मस्तिष्कस्तंभ कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्रातून खाली उतरतो आणि तेथून मेरुरज्जू सुरू होते. तिची लांबी सुमारे ४२ ते ४५ सेंटिमीटर असून ती कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपते. मेंदूतून मस्तिष्कचेतांच्या १२ जोड्या व मेरुरज्जूतून मेरुचेतांच्या ३१ जोड्या निघतात.

निसर्गाने या मृदू अवयवाभोवती जी आवरणे रचली आहेत, ती पाहून मन थक्क होते. बाहेरून कवटी व पाठीचा कणा असे अस्थींचे कवच. त्याच्या आत तीन तानिका : सर्वांत बाहेरची जाड दृढतानिका, मधली कोळ्याच्या जाळ्यासारखी जालतानिका आणि मेंदूच्या प्रत्येक वळीस चिकटून राहणारी मृदुतानिका. मधल्या व आतल्या तानिकांमध्ये मस्तिष्कमेरुद्रव असतो. एका वेळी तो सुमारे १५० मिलिलिटर एवढाच असतो, परंतु दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. म्हणजे दररोज तीन ते चार वेळा तो पूर्ण बदलला जातो. या द्रवात तरंगत असल्यामुळे सुमारे दीड किलोचा मेंदू आपल्या तळावर जेमतेम ५० ग्रॅम वजनाइतकाच भार टाकतो. चौथे रक्षण डोळ्यांस न दिसणारे आहे. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींस घट्ट जोडलेल्या असल्यामुळे रक्तातील प्रत्येक पदार्थ मेंदूत शिरू शकत नाही. यास रक्त-मस्तिष्क अवरोध म्हणतात. स्नेहात विरघळणारे पदार्थ हा अवरोध तुलनेने सहज ओलांडतात, हे खरे आहे. परंतु तेवढ्यावरून ब्राह्मीघृत मेंदूत पोहोचते हे सिद्ध झाले, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. घृत आतड्यात पचते, मग शोषले जाते, हा मधला प्रवास विसरून चालत नाही.

कवच आणि त्याची मर्यादा

हे कवच किती भार सोसते, याची कठोर परीक्षा आपल्याच भागात झाली आहे. दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. मराठवाड्यातील जुनी घरे म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती व वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारी ही घरे कोसळताना मात्र टनावारी दगड-माती घेऊन खाली आली. डोके व छाती यांवर झालेले आघात आणि ढिगाऱ्याखाली गुदमरणे, अशा घरांच्या पडझडीत मृत्यूची हीच प्रमुख कारणे असतात.

ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या मनुष्याच्या मेरुरज्जूचे भवितव्य पुष्कळदा त्याला उचलणाऱ्यांच्या हाती असते. मणका मोडला तरी आतील रज्जू शाबूत असू शकते. दोन जणांनी काखेत व गुडघ्याखाली हात घालून उचलले, की मोडलेल्या मणक्याची कड रज्जूत रुतते आणि पाय कायमचे जातात. मान मोडलेली असेल तर हातही जातात, श्वासही जातो. सद्‌भावनेने धावलेल्या माणसांच्या हातून ही हानी घडते. भूकंप नित्य होत नाहीत. परंतु विहिरीत पडणे, झाडावरून वा कडब्याच्या गंजीवरून पडणे, ट्रॅक्टर उलटणे हे आपल्या भागात प्रतिवर्षी घडते. अशा वेळी एकाने डोके दोन्ही हातांनी मानेच्या रेषेत स्थिर धरावे, तीन-चार जणांनी अंग एकाच वेळी, ओंडका वळवावा तसे वळवून खाली दाराची फळी सरकवावी व फळीसह उचलावे. बाजेवर घालू नये, कारण बाज मध्ये खचते. हे आपण आपल्या गावातील तरुणांना एकदा करून दाखविले, तर अर्ध्या तासाचे काम आहे.

मर्मविचार

सुश्रुतांनी १०७ मर्मे सांगितली. त्यांपैकी १९ सद्यःप्राणहर असून त्यांत शृंगाटक, अधिपति व शंख ही शिरातील मर्मे येतात. यांपैकी शंखमर्माचा विचार आज विशेष उपयुक्त आहे. कानशिलाजवळ कवटीचे हाड सर्वांत पातळ असते आणि त्याच्या आतील बाजूस दृढतानिकेची मधली धमनी जाते. या ठिकाणी आघात झाल्यास हाड तडकते, धमनी फाटते व कवटी आणि दृढतानिका यांच्यामध्ये रक्त साचू लागते. या रक्तस्रावाचे लक्षण फसवे आहे. मनुष्य क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठतो, बोलतो, चहा घेतो, कित्येकदा स्वतः घरी चालत जातो. काही तासांनी डोके असह्य दुखू लागते, उलट्या होतात, गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. घरचे म्हणतात, मार लागलाय, झोपू द्या. सकाळी तो उठत नाही. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर हाच रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून डोक्यास मार लागून क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, तर "आता बरा आहे" या शब्दांवर विसंबून त्यास घरी पाठवू नये.

विशल्यघ्न मर्मांचा विचारही असाच सूक्ष्म आहे. उत्क्षेप व स्थपनी या मर्मांत शल्य रुतले असता ते आत असेपर्यंत मनुष्य जगतो व उपटून काढल्यास मरतो, असे सुश्रुत सांगतात. रुतलेली वस्तू जागेवर ओढून काढू नये, तशीच स्थिर करून रुग्णालयात न्यावे, हा आजच्या प्रथमोपचाराचा नियम आहे. शिरातील शल्य काढल्यावर जखमेत केसांची वर्ती घालावी, नाहीतर मस्तुलुंग बाहेर वाहून वायू रुग्णास मारतो, असेही सद्योव्रणचिकित्सेत आले आहे. डोके व मान यांच्या सांध्यावरील कृकाटिका मर्माचा परिणाम डोके हलत राहणे असा सांगितला आहे. मानेचे वरचे मणके निखळलेला रुग्ण ज्याने पाहिला आहे, त्यास हे वर्णन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा मार्गे नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ वर सायंकाळच्या वेळी दुचाकींची रांग पाहावी. डोक्याला उपरणे वा रुमाल, हेल्मेट हँडलला अडकविलेले. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेट बंधनकारक करते, हे सर्वांस ठाऊक आहे. दुचाकीस्वारांवरील अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के व डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो, असे आढळले. उन्हात डोके तापते ही तक्रार खोटी नाही. तरीही आपण वैद्यांनीच हेल्मेट घालून दवाखान्यात यावे, एवढे तर आपल्या हाती आहे.

कार्य

मेंदूच्या कार्याचा पसारा मोठा आहे. येथे चिकित्सकास तत्काळ उपयोगी पडेल तेवढेच घेत आहोत.

मोठ्या मेंदूकडून निघणारे हालचालींचे तंतू मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या टोकाशी बहुतांशी एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूस जातात. म्हणून डाव्या मेंदूतील विकृतीने उजवे अंग लुळे पडते. बहुतेक मनुष्यांत वाचेची केंद्रे डाव्या बाजूस असल्यामुळे उजव्या अंगाच्या पक्षाघातात वाचाही जाते. पक्षवधात एका बाजूची चेष्टा नष्ट होऊन वाक्स्तंभ होतो, असे चरकांनी नोंदविले आहेच.

चेहऱ्याच्या बाबतीत एक बारकावा आहे आणि तो अर्दिताच्या निदानात फार महत्त्वाचा ठरतो. कपाळाच्या स्नायूंना दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून संदेश येतात, तोंडाच्या स्नायूंना मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूकडून. रुग्णास भुवया वर उचलण्यास सांगावे. तोंड वाकडे आहे, परंतु कपाळावर दोन्ही बाजूंस आठ्या पडतात, तर विकृती मेंदूत असण्याचा संभव अधिक. त्या बाजूस आठ्याही पडत नाहीत व डोळाही मिटत नाही, तर विकृती बहुधा चेहऱ्याच्या चेतेत असते. तिचा मार्ग वेगळा व साध्यता पुष्कळ चांगली. मात्र हातापायांत थोडीही दुर्बलता, बोलण्यात जडता वा चालण्यात तोल जाणे असेल, तर कपाळाच्या आठ्यांवर विसंबून राहू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मेंदूचे वजन शरीराच्या केवळ २ टक्के, परंतु विश्रांतीच्या स्थितीतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के त्यालाच लागतो. दर मिनिटास सुमारे ७५० मिलिलिटर रक्त त्याच्याकडे जाते. इतका खर्चिक अवयव असूनही त्याच्याजवळ साठा जवळजवळ नाही. यकृतात साखर साठते, स्नायूंत साठते. मेंदू मात्र रोज कमावून रोज खाणाऱ्या मजुरासारखा आहे. रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांत पेशी मरू लागतात. मोठी धमनी बंद पडून झालेल्या पक्षाघातात उपचाराविना दर मिनिटास सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असे गणित २००६ साली मांडले गेले. मेलेल्या चेतापेशीच्या जागी नवी उगवत नाही. कोणत्याही शास्त्राच्या औषधाने ती जिवंत करता येत नाही.

परंतु बंद धमनीच्या क्षेत्रातील सर्वच पेशी एकदम मरत नाहीत. मधला भाग लवकर मरतो. त्याच्याभोवतीचा भाग शेजारच्या वाहिन्यांतून मिळणाऱ्या थोड्याशा रक्तावर काही तास तग धरून असतो. हा भाग वाचविणे हेच पहिल्या तासांतील उपचाराचे एकमेव ध्येय. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्या मर्यादेतही जितके लवकर तितके अधिक गुणकारी. निवडक रुग्णांत नळीद्वारे गुठळी काढण्याची क्रिया २४ तासांपर्यंतही करता येते, परंतु ती सोय मोठ्या केंद्रांतच असते.

आमच्या हातून गेलेला वेळ

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. लोहा तालुक्यातील एका खेड्यातील पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्यास सकाळी आठच्या सुमारास औताला बैल जुंपताना उजव्या हातातून कासरा सुटला. बोलणे बोबडे झाले. घरच्यांनी नऊच्या आत त्यास आमच्याकडे आणले. आम्ही नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, पक्षाघाताचे निदान केले. निदान अचूक होते. मग आम्ही अभ्यंग व स्वेदन सुरू केले, मधातून औषध चाटविले आणि सायंकाळपर्यंत पाहू असे सांगितले. दुपारी तीनला पायही पूर्ण लुळा पडला, तेव्हा नांदेडला पाठविले. तेथील डॉक्टरांनी तपासणी करून केवळ एवढेच विचारले, "सकाळी आठला झालं, तर इतका वेळ कुठे होता?" घरच्यांनी आमचे नाव सांगितले नाही. तो रुग्ण वाचला, पुढे काठी घेऊन चालू लागला, परंतु त्याचा उजवा हात पुन्हा कासऱ्यास लागला नाही. इंजेक्शनाने तो हात निश्चितच वाचला असता, असे म्हणता येत नाही. परंतु ती संधी त्यास मिळाली नाही आणि ती आमच्यामुळे मिळाली नाही.

आयुर्वेदात आत्ययिक चिकित्सा नाही, असे जे म्हणतात, त्यांनी चरक सूत्रस्थानातील विधिशोणितीय अध्याय पाहावा. संन्यासाच्या रुग्णाविषयी तेथे असा दृष्टान्त आहे की, खोल पाण्यात बुडणारे भांडे तळाला जाण्यापूर्वीच शहाण्याने झटकन धरावे. आम्ही त्या दिवशी भांडे बुडताना पाहत बसलो.

हे आम्ही येथे लिहितो, कारण असेच प्रसंग अनेकांच्या दवाखान्यात घडतात व सहसा लिहिले जात नाहीत. कबुतराच्या रक्ताने मालिश करणाऱ्यांस आपण हसतो. परंतु पहिल्या तीन तासांत महानारायण तेलाने केलेली मालिश आणि ती मालिश यांत मेंदूच्या दृष्टीने काहीच अंतर नाही.

मग काय करावे? रुग्णास हसावयास सांगावे, दोन्ही हात समोर उचलून धरावयास सांगावे, "विठ्ठल विठ्ठल" म्हणावयास सांगावे. तोंड एका बाजूस जाते, एक हात खाली सरकतो वा शब्द अडखळतो, यांपैकी एकही लक्षण अकस्मात उद्‌भवले असेल तर पक्षाघात समजावा. ग्लुकोमीटरवर रक्तशर्करा पाहावी, कारण शर्करा फार उतरल्यानेही हेच चित्र दिसते आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारे रुग्ण आता प्रत्येक खेड्यात आहेत. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : हा मनुष्य शेवटचा धडधाकट कधी दिसला होता? ती वेळ चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत लिहावी. झोपेतून उठतानाच लक्षणे दिसली, तर झोपण्याची वेळ लिहावी. घेत असलेल्या औषधांच्या गोळ्यांची पाकिटे सोबत द्यावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ज्या रुग्णालयात पाठवावयाचे तेथे आधी दूरध्वनी करून सी.टी. स्कॅन यंत्र चालू आहे ना, हे विचारून घ्यावे. यंत्र बंद असलेल्या ठिकाणी जाऊन पुन्हा दुसरीकडे जाण्यात तास जातो. नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. लोह्याहून नांदेड सुमारे तीस किलोमीटर, म्हणजे सोपे. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातून तेच अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. तेथील वैद्यबंधूंना विचार करण्यास दहा मिनिटेही नाहीत.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. तोंडावाटे काहीही देऊ नये. मध, सुवर्णकल्प, काढा, पाणी, काहीही नाही. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते श्वासमार्गात जाते. त्याच कारणास्तव तीव्र अवस्थेत नस्य टाळावे. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी देऊन तो एकदम उतरवू नये. तो वाढीव दाबच कित्येकदा तग धरून असलेल्या भागास रक्त पुरवीत असतो. रक्त पातळ करणारी गोळीही स्कॅनपूर्वी देऊ नये, कारण धमनी बंद पडली की फुटली, हे केवळ लक्षणांवरून कोणालाही सांगता येत नाही. नाडीवरून ओळखतो असे म्हणणारे ज्येष्ठ आम्हांस भेटले आहेत. त्यांच्या अनुभवाविषयी आदर राखूनही या एका बाबतीत यंत्रावर विश्वास ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

"वडिलांचं तोंड वाकडं झालंय, एकांगवीर द्या," असे म्हणत गिऱ्हाईक दुकानात येते, तेव्हा पहिला प्रश्न "कधीपासून?" हा असावा. उत्तर "आज सकाळपासून" असे आल्यास गोळ्यांची डबी परत ठेवून त्यास रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. एका विक्रीचे नुकसान होईल. परंतु तोच मनुष्य पुढील सहा महिने तेल नेण्यासाठी आपल्याकडेच येणार आहे.

मज्जासंस्थेवर कार्य करणारी आपली काही द्रव्ये तीक्ष्ण आहेत, याचेही भान असावे. कुपीलूतील स्ट्रिक्निन मेरुरज्जूतील अवरोधक संदेश रोखते. त्यामुळे अल्प मात्रेत उत्तेजन, अधिक मात्रेत आक्षेपक. पक्षाघातानंतर ज्यास झटके येतात, त्यास कुपीलुयुक्त कल्प देऊ नयेत. एकांगवीर रसात नागभस्म असते आणि नाग, म्हणजे शिसे, हे विशेषतः बालकांच्या मेंदूस घातक आहे. शोधन-मारण यथाशास्त्र झाले आहे की नाही, हे डबीवरून कळत नाही. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यास षड्‌यंत्र म्हटले. प्रत्येक घाणीचा तपासणी अहवाल मागण्याची सवय मात्र थोड्यांनीच लावून घेतली. पारद, वत्सनाभ, विषमुष्टी ही औषधी कायद्याच्या अनुसूची ई (१) मधील द्रव्ये आहेत. ती असलेल्या कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. अशी औषधे चिठ्ठीविना देणे थांबवावे.

रक्तदाबाच्या संदर्भात दोन वनस्पतींचा उल्लेख करतो. यष्टिमधूचा दीर्घकाळ, मोठ्या मात्रेत वापर रक्तदाब वाढवितो. आम्लपित्तासाठी महिनोन्‌महिने यष्टिमधुचूर्ण नेणारे वयस्क गिऱ्हाईक रक्तदाबाचे रुग्ण नाहीत ना, हे विचारावे. सर्पगंधेचे उलट. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. तिच्यातील रेसर्पिन हे मेंदूतील संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिकामा करते. त्यामुळे रक्तदाब उतरतो, परंतु काही रुग्णांत मन खिन्न होते. शेतीच्या विवंचनेने आधीच खचलेल्या मनुष्यास सर्पगंधा देताना त्याची झोप, भूक, बोलणे यांची विचारपूस प्रत्येक भेटीत करावी.

तीन ते चार महिने

रुग्णालयातून परत आलेला रुग्ण हा खऱ्या अर्थाने आपला. पक्षाघातात तीन वा चार महिने उपचारक्रम चालू ठेवावा, असे सुश्रुत सांगतात. मेंदूतील शाबूत भाग गमावलेल्या भागाचे काम शिकून घेतो आणि ही सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक होते, असे आजचे शास्त्रही म्हणते. अभ्यंग, मृदू स्वेदन, मात्राबस्ति आणि त्यांच्या जोडीला रोजचा व्यायाम, हा क्रम रुग्णालयाच्या गोळ्या बंद न करता ठेवावा.

यात दोन चुका वारंवार दिसतात. लुळ्या हातास धरून रुग्णास उठविले जाते वा मालिश करणारा तो हात जोराने ओढतो. स्नायूंचा आधार गेलेला खांदा त्यामुळे सांध्यातून खाली सरकतो आणि पुढे त्याच्या वेदनेमुळे रुग्ण व्यायामच सोडतो. हात नेहमी कोपराखाली व खांद्यामागे आधार देऊन हलवावा. दुसरी चूक स्वेदनातील. त्या बाजूची संवेदना मंदावलेली असते. पोटली किती गरम आहे हे रुग्णास कळत नाही. ती प्रथम आपल्या मनगटावर लावून पाहावी. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणे हे तर घरातील सुनेस वा मुलास पहिल्याच दिवशी शिकवावे लागते.

वर सांगितलेला शेतकरी अद्याप दर पावसाळ्यात बस्तीसाठी येतो. सोबत आलेल्या प्रत्येक नातलगाचा रक्तदाब आम्ही आता पाहतो. अशाच एका भेटीत त्याच्या धाकट्या भावाचा रक्तदाब १८० वर ११० निघाला. त्यास कोणताही त्रास नव्हता आणि औषध कशाला, असेच तो म्हणत होता. थोरल्यानेच डाव्या हाताने त्याचे मनगट धरून त्यास पुन्हा खुर्चीवर बसविले. गेली काही वर्षे धाकटा नियमित औषध घेतो आहे आणि दोघांच्या शेताचे औत तोच हाकतो.